साडूंच्या फळीवरची माणसं

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवतो, की कराडला माझ्या साडूंकडे चहाला गेलात आणि पाठीवर कुणाची नजर जाणवली, तर दचकू नका. नजर असतेच. हे सहा फुटी निवृत्त सुभेदार मेलेल्या माणसांची पुस्तकं घरोघरून मागून आणतात, खळीने चिकटवून त्यांचा ठोकळा करतात आणि त्यातून त्याच माणसाचा चेहरा कोरतात. बाहेरच्या खोलीत फळीवर असे एकोणीस जण बसलेत. पावसाळ्यात कागद फुगतो आणि मंडळी बाळसं धरतात. उन्हाळ्यात गालफडं बसतात. गणिताच्या एका मास्तरांच्या कपाळावर तर अजून एक उदाहरण अर्धवट आहे. मी एकदा त्यांच्याकडे पाठ करून बसलो, तेव्हा साडू हळूच म्हणाले, "पाव्हणं, जरा तिरकं बसा. मास्तरांस्नी खपत न्हाई." मी बसलो. बिस्किटही मास्तरांकडे बघूनच उचललं.

गेल्या वर्षी सांगलीहून एक म्हाताऱ्या मावशी आल्या. नवरा ऐन तारुण्यात फौजेत गेलेला, तिकडेच वारलेला. त्याचा एकुलता फोटो पुरात धुऊन कोरा झालेला. "त्यांचं त्वांडच आठवंना झालंय," म्हणत त्यांनी पत्रांचा डबा पुढे केला. साडूंनी त्या माणसाला कधी पाहिलेलं नव्हतं. शिवाय पत्रं कापायची, म्हणजे चेहरा चुकला तर मावशींकडे काहीच उरणार नव्हतं. मी घाबरून म्हटलं, "नको हो!"

"मावशी, येकेक पत्र मोठ्यानं वाचा," साडू म्हणाले. त्यांचा सिद्धांत असा, की पत्र वाचताना माणूस नकळत लिहिणाऱ्याचं तोंड करतो. मावशी आठ दिवस वाचत होत्या आणि साडू त्यांच्या भुवया, हनुवटी, ओठांचे कोपरे न्याहाळत होते. वाचलेलं पत्र खळीत जायचं. ते परत मिळत नसे.

महिन्याभराने साडूंनी फडकं काढलं. पंचविशीतला एक पोरगेला माणूस, एक भुवई वर, काहीतरी विचारायच्या बेतात. पंखा बंद होता, खिडक्याही बंद होत्या. तरी खालच्या ओठाशी एका पत्राची कड सावकाश उचलली गेली. लढाईला न घाबरलेल्या साडूंनी माझा दंड घट्ट धरला. "चुकलं का वो?" ते पुटपुटले.

मावशी चेहऱ्याच्या अगदी जवळ गेल्या. मग गडबडीने डोक्यावर पदर घेतला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आवं, जेवलासा का?"