शेजारच्या प्लॉटवरची घोळभाजी

ताई, मी पुण्याला निघालो त्या दिवशी आई शेतातलं निंदण सोडून थेट एसटी स्टँडवर आली होती. बोटं हिरवी, ओटीत घोळभाजी. तिथल्या तिथे वर्तमानपत्रात गुंडाळून तिने ती माझ्या बॅगेत कोंबली. कुणी बघतंय का, एवढंच मी बघत होतो. तू शेजारीच उभी होतीस, तुझ्या ते लक्षात आलं होतं.

कर्वेनगरमधली भाड्याची कॉट, कोर्स, इंटरव्ह्यू, मग आयटीतली नोकरी. बिबवेवाडीत वन बीएचके घेतला आणि हट्टाने आईला आणलं. शेजारच्या रेताड, मोकळ्या प्लॉटवर तिला घोळ दिसली. तीच जाड पानं, तांबडे देठ, कुणी न लावता पसरलेली. एका रविवारी ती पदर भरून वर आली, तेव्हा माझे मॅनेजर चहाला बसले होते. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "हा कचरा घरात आणू नकोस." तिने ती गुपचूप कचऱ्याच्या बादलीत टाकली. नंतर आठवडाभर खाली उतरली नाही. "मले गावाले पोचवून दे," एवढंच म्हणायची. तिने तुला फोन केला तो तेव्हाच.

मला स्वतःची लाज वाटली. नुसतं माफ कर म्हणून भागणार नव्हतं. आठवड्यानंतरच्या सोमवारी सकाळी ऑफिसच्या कपड्यांत, गळ्यात आयडी कार्ड तसंच ठेवून प्लॉटवर बसलो आणि पिशवी भरली.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू थांबल्या. "सोसायटीला माळी आहे हो. आपण कशाला त्रास घेताय?"

"भाजी आहे, काकू. आम्ही हीच खाऊन वाढलो," मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं. इतक्या वर्षांत पुण्यात हे पहिल्यांदाच बोललो.

आईने पिशवी ओट्यावर उलटी केली. एकेक देठ मोडून बघत निम्मी भाजी बाजूला सारली. त्यातून पांढरा चीक येत होता.

"हे घोळ नाही, बाबू. इख हाय, जहर. एवढंबी इसरला?" तिने चप्पल घातली. "चाल, दाखवतो तुले."

त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला. आता काकूही तिच्याबरोबर खाली बसतात, मीठ किती घालायचं यावरून वाद घालतात.

तू लिहितेस, आईला घरी पाठव. ताई, ती घरीच आहे. तू ये, महिनाभर राहा. तिला न्यायला मात्र येऊ नकोस.