चतुर्थीक घर रिकामा व्हया

मे संपत आला होता तेव्हा तिने मला शाळेच्या पायरीवर गाठलं. ती नेपाळची. नवरा-बायको दोघंही आमच्या गावातल्या एका बागायतदाराकडे हापूसच्या बागेत राखणीला. त्यांची मुलगी माझ्या शाळेत, नुकतीच पाचवी पास झालेली. "बाई, भाड्याने खोली बघून द्या," ती म्हणाली. "वर्षभराची."

दरवर्षी आंबा संपला की हे लोक गावी जातात आणि दिवाळीनंतर परततात. मुलीची शाळा अर्धी तिकडे, अर्धी इकडे, म्हणजे धड कुठेच नाही. यंदा मालकाने नवऱ्याला बारमाही कामावर ठेवायचं कबूल केलं होतं. पण बागेतला मांगर म्हणजे कातळावरची पत्र्याची खोप. आंब्याच्या पेट्या ठेवायला ठीक, पावसात माणसांनी राहायची ती जागा नव्हे. चारी बाजूंनी पाणी आत येतं आणि पाण्याबरोबर जनावरही येतं, म्हणजे साप. खोली मिळाली तर मुलगी इथे शिकणार. नाही मिळाली तर तिला आजीकडे धाडणार, आणि तिथून शाळा दोन तासांच्या चढणीवर. पुढे काय होतं ते मला कुणी सांगायला नको, सत्तावीस वर्षं मास्तरकी केली आहे.

मी म्हटलं, त्यात काय एवढं? आमच्या वाडीत एक सोडून एका घराला कुलूप. माणसं मुंबईला, घरं इथे कोळ्यांच्या जाळ्यांत. मिठबावच्या बाजारात उभं राहून नुसता शब्द टाकला तरी चार किल्ल्या हातात पडतील, असं मला वाटलं. मूर्ख मी.

पहिलं घर बाजूच्या वाडीतलं. म्हातारीने पाट दिला, कोकम सरबत दिलं आणि म्हणाली, "घर काय बाई, तुमचाच आसा. पण चतुर्थीक झील येतले, सुना येतली. घर रिकामा व्हया. गणपती खंय बसवतलंव?" दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच, वर "भावकीत इचारूक व्हया." चतुर्थी म्हणजे वर्षातले फार तर अकरा दिवस. त्या अकरा दिवसांसाठी घरं साडेअकरा महिने कुलुपात कुजत ठेवायची, पण माणसाला द्यायची नाहीत. हा आमचा हिशोब.

ती पटकन म्हणाली, "आमी चतुर्थीक मांगरात जाऊ. मग परत येऊ." इतकी साधी तोड होती. पण तोड निघाली की माणसं दुसरं काढतात. एकाने आधार कार्ड मागितलं. तिने पिशवीतून आपल्या देशाचा नागरिकतेचा कागद काढला, नीट प्लास्टिकमध्ये घातलेला. त्याने तो घडाघडा वाचला, कारण अक्षरं आपलीच की. वाचून झाल्यावर म्हणतो, "पण हे परदेशी पडले." आणि याच गृहस्थाने दोन हिवाळे एका गोऱ्याला वरचा मजला दिला होता. त्याला साहेब साहेब करत सोलकढी पाजली. त्याच्याकडे कुठलं आधार कार्ड होतं? हे मी तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "तो दिवसाचे देय, ही महिन्याचे देतली."

गावात माझी चेष्टाही सुरू झाली. "बाईंका शाळेचो पट व्हयो," म्हणजे पोरं कमी पडून शाळा बंद होईल या भीतीने बाई नेपाळ्यांची घरं शोधत फिरतात. खोटं कशाला सांगू, त्यात निम्मं खरं होतं. एक मुलगी म्हणजे माझ्या पटाचा दहावा हिस्सा. पण उरलेलं निम्मं हे, की ती मुलगी कविता म्हणायला उभी राहिली की मी खडू खाली ठेवायचे. माझ्या मुंबईच्या पुतण्यांपेक्षा तिचं मालवणी चोख. रोज सकाळी ती मला एकच प्रश्न विचारायची, "बाई, आमका घर गावला?"

शेवटी एका घरी सासू-सून दोघींनी नाही म्हटलं आणि मी उठता उठता बोलून गेले, की एवढी कुलपं लावून गाव कुणासाठी ठेवलाय? सासू शांतपणे म्हणाली, "बाई, तुमचा मूळ घर उघडा आसा काय?"

आम्ही राहतो ते नवं घर. त्याच्या शेजारी, हाकेच्या अंतरावर, माझ्या सासऱ्यांचं मूळ घर, सगळ्या भावकीचं. गणपती तिथेच बसतो. वर्षभर बंद, आणि किल्ली माझ्या स्वयंपाकघरात. पंधरा दिवस मी लोकांच्या दारात जाऊन लोकांच्या घरांचा न्याय करत होते आणि ते घर मला आठवलंही नव्हतं. की आठवलं होतं आणि मीच आठवू दिलं नव्हतं, देव जाणे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्याच संध्याकाळी थोरल्या दिरांना मुंबईला फोन केला. ते म्हणाले, "तू बघ काय ते. चतुर्थीच्या आधी रिकामं कर म्हणजे झालं." माझ्या नवऱ्याने मान डोलावली, ते त्यांचं नेहमीचंच आहे. मृगाच्या तोंडावर ती तिघं दोन ट्रंका घेऊन मागच्या दोन खोल्यांत राहायला आली.

ते तीन महिने मी विसरणार नाही. मूळ घराच्या चुलीतून धूर दिसायचा. तिने कौलं सारखी करून घेतली, भिंतींची बुरशी खरवडली, अंगणात पडवळ लावलं. तिन्हीसांजेला ती पुढच्या खोलीत जाऊन गणपती बसतो त्या जागेपाशी, कोनाड्यात, दिवा लावायची. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. एकदा मी पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "देवाची जागा काळोखात बरी नाय दिसत, बाई." मला एवढं बरं वाटलं. माझ्या सासूच्या मागे तिथे चतुर्थीखेरीज कुणी वात लावली नव्हती, मीही नाही.

चतुर्थीला चार दिवस असताना ती तिघं बोलल्याप्रमाणे मांगरात गेली. जाताना घर असं पुसून ठेवलं की मुंबईहून आलेल्या माझ्या जावेला हात लावायला काही उरलं नव्हतं. म्हणून तिने भिंती बघितल्या.

कोनाड्याच्या वर काजळी धरली होती. गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायला सगळे पुढच्या खोलीत जमलेले, आणि जाऊ म्हणाली, "इथे दिवा कोण लावत होतं?" दीर वळले. म्हणाले, "आपल्या गणपतीच्या जागेवर परक्या हाताचा दिवा? कुठली कोण, काय जात, काय सोयरसुतक पाळतात ते तरी माहीत आहे का?" मग माझ्याकडे बघून, "तुला ठाऊक होतं?"

मी "नाही" म्हटलं.

म्हटलं, बास. घरात पोरंबाळं, उद्या गणपती यायचा, सणाच्या तोंडावर कशाला वाद. ही कारणं मी नंतर जुळवली. त्या क्षणी मी फक्त घाबरले होते. परक्यांच्या ओसरीवर बसून परक्यांना चार गोष्टी सुनावणारी मी, स्वतःच्या घरात शेपूट घालून उभी राहिले. जाऊ म्हणाली, "बघा, हिलाही न विचारता." आणि दोष सगळा त्या बाईवर गेला.

दिरांनी देवळात गाऱ्हाणं घातलं, चूकभूल पोटात घाल म्हणून. सात दिवस आरत्या झाल्या, मोदक झाले, मी सगळ्यांना वाढलं. विसर्जनानंतर मुंबईला निघताना दिरांनी मूळ घराला नवं कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या बॅगेत ठेवली. माझ्या नवऱ्याने मान डोलावली.

मांगरात सांगायला मीच गेले. पत्र्यावर पाऊस आदळत होता, ट्रंका विटांवर चढवलेल्या. घरात कायकाय बोलणं झालं ते मी सांगितलं, माझं "नाही" सोडून सगळं. तिचा नवरा म्हणाला, बागायतदाराला दुसरी जागा विचारतो. त्याने विचारलं, मीही पुन्हा चार दारं फिरले. पण आता गावात सगळ्यांना कारण मिळालं होतं, "तुमच्याच घरात नको झाले, मग आमी कशे ठेवू?" पंधरा दिवसांत मुलगी दोनदा तापली. दुसऱ्या तापानंतर त्यांनी ठरवलं, की आई आणि मुलगी गावी जातील.

दाखला न्यायला मायलेकी शाळेत आल्या. मी कपाटातून दाखल्याचं पुस्तक काढलं आणि सगळं नीट भरलं. अभ्यासातली प्रगती, चांगली. वर्तणूक, उत्तम. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात आम्ही एकच वाक्य लिहितो, सत्तावीस वर्षं तेच लिहीत आले आहे. हात आपोआप चालला. शाई वाळायला दाखला टेबलावर ठेवला, तर मुलीने तो उचलला आणि वर्गात वाचते तसा खड्या आवाजात आईला वाचून दाखवला. शेवटी आलं, "पालकांच्या विनंतीवरून."

आईने तिला ते पुन्हा वाचायला लावलं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बाई, जायची विनंती आमी नाय केली."

खरं कारण लिहायला त्या रकान्यात जागा होती. मी शिक्का मारला आणि दाखला मुलीच्या हातात दिला.