आधी तळटीप, मग बायबल

आमच्या समोरच्या दारातले गुरुदत्त कर्णिक, ज्यांना मी शेजारधर्माने भावजी म्हणते, कुठलाही कागद मागून वाचतात. छत्तीस वर्षं न्हावा-शेव्याच्या एका क्लिअरिंग एजंटाकडे कंटेनरचे कागद तपासले. खऱ्या अटी मागच्या पानावर बारीक अक्षरात असतात, यावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा. विचुंब्यात फ्लॅट घेताना बिल्डर ब्रोशरमधला स्विमिंग पूल दाखवत होता आणि हे भिंग काढून त्याखालची ओळ वाचत होते. पूल अजून झालेला नाही. अख्ख्या सोसायटीत त्याचं दुःख फक्त भावजींना नाही.

अशा माणसाच्या मुलीने, चारुताने, गेल्या वर्षी अमेरिकेतून कळवलं की तिला स्पेन्सर नावाच्या मुलाशी लग्न करायचंय आणि त्याच्या घरचे मॉर्मन, म्हणजे एका वेगळ्याच ख्रिस्ती पंथाचे आहेत. बाबा हो म्हणाले तरच, हेही कळवलं.

तिच्या आईने, शोभाने, पहिलं विचारलं, "खातात काय?" सगळं खातात, पण चहा-कॉफीला शिवत नाहीत, हे तिने पुन्हा फोन करून खात्रीने विचारून घेतलं. भावजींनी विचारलं, "वाचतात काय?" बायबल, शिवाय त्यांचे स्वतःचे आणखी ग्रंथ. चारुताने त्यांच्या छापाचं बायबल पाठवलं. प्रत्येक पानाखाली तळटिपा, शेवटी विषयांची सूची, शब्दकोश, नकाशे. रिटायर झाल्यापासून एवढा आनंद त्यांच्या तोंडावर मी पाहिला नव्हता.

दोनशे पानी वही आली. डाव्या पानावर ओळ आणि बाकीचे ख्रिस्ती ती कशी वाचतात ते, उजव्या पानावर हे लोक कशी वाचतात ते. बायबलातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या दोन काठ्या म्हणजे इतरांना दोन राज्यं, यांना दोन ग्रंथ. वर रंगीत चिकटपट्ट्या. निळी म्हणजे एकमत, पिवळी म्हणजे मतभेद, गुलाबी म्हणजे काळजी.

मी म्हटलं, "भावजी, झेरॉक्स काढून स्टेशनबाहेर विका. मॉर्मन गाईड, हमखास पास."

"हसा तुम्ही. तिकडच्यांना वाटायला नको की पोरीचा बाप काही न वाचता बसलाय."

मग एकदा गुलाबी पट्टी लागली आणि वही मिटली. करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र, पंधरावा अध्याय, एकोणतिसावी ओळ. मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा, म्हणजे धर्मात घेण्याचा पाण्याचा संस्कार. बाकीचे बहुतेक जण त्या ओळीपाशी जरा घुटमळून पुढे जातात. हे लोक ती जशीच्या तशी घेतात. आपल्या पूर्वजांची नावं शोधतात, याद्या करतात आणि त्यांच्या वतीने आपल्या मंदिरात बाप्तिस्मा घेतात.

आठवडाभर ती उघडलीच नाही. शेवटी मीच जाऊन बसले.

"आई," ते म्हणाले. आशालताबाईंना जाऊन चार वर्षं झाली, फोटो समोरच होता. "चारुताला मुलं झाली की आई त्यांची पणजी. म्हणजे त्यांचीही पूर्वज. नाव यादीत घालायला ते मोकळे. आई तिकडे गेली तर सर्वपित्रीला मी पाणी कुणाला सोडू?"

मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे जहाजाच्या मालाच्या यादीत, नाव चढलं की माल जहाजावर गेला, हे त्यांचं छत्तीस वर्षांचं गणित. आणि म्हणूनच लेकीला होकार जात नव्हता.

जानेवारीत चारुता, स्पेन्सर आणि त्याची आई कॅरोल आली. शोभाने कोकम सरबत केलं. मला बोलावलं होतं. नसतं बोलावलं तर मी साखर मागायला गेलेच असते.

सरबत संपायच्या आत कॅरोलने पर्समधून घडीचा लांबलचक कागद काढला. तिच्या आठ पिढ्यांची नावं. मग पेन्सिल हातात घेऊन तिने भावजींना विचारलं, तुमच्या आईचं नाव काय?

भावजींनी चष्मा काढला. "आशालता," म्हणाले. आणि मग मराठीत, "तिला नेणार असाल तर आत्ताच सांगा म्हणावं."

चारुताचा चेहरा पडला. पण तिने ते इंग्रजीत नीट सांगितलं. कॅरोलला राग आला नाही. तिने पेन्सिल खाली ठेवली. आम्ही फक्त आमच्या घरची नावं देतो, म्हणाली, आणि जवळचं माणूस हयात असेल तर त्याला विचारतो. तुमच्या आईसाठी तुम्हाला विचारू. शिवाय हे सगळं केलं तरी ते नुसतं आमंत्रण. घ्यायचं की नाही, हे पलीकडचं माणूस ठरवतं.

"नाकारता येतं?"

"येतं."

"लेखी आहे?"

चारुताने फोनवर त्यांच्या चर्चचं पान काढून दिलं. भावजींनी ते खालून वर वाचलं.

"म्हणजे माल दारात आला तरी घेणाऱ्याने सही केली नाही तर परत."

"मग सुटलो," शोभा म्हणाली. "सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा विचारल्यावर कशाला हो म्हटलंय? माझ्या माहेरी चहा तिसऱ्यांदा विचारल्यावर घेतला, तोही अर्धा."

हे कॅरोलला सांगितल्यावर ती म्हणाली, आमच्याकडे तर चहा मिळणारच नाही.

"मग उंबऱ्यातूनच परत येतील," मी म्हटलं.

भावजी इतके हसले की डोळे पुसावे लागले. मग सर्वपित्रीला घेतात ती तीन पिढ्यांची नावं त्यांनी एका दमात सांगितली, आईकडचीसुद्धा. प्रत्येक नावाला कॅरोल विचारायची, "लिहू?" आणि भावजी मान डोलवायचे. आशालताबाईंच्या नावापुढे मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'फक्त माहितीसाठी'. मग स्पेन्सरला जवळ बोलावून म्हणाले, "मुहूर्त मेमधला काढतो."

पाहुणे मुक्कामाला जवळच्या नेरे गावातल्या फार्महाऊसवर गेले. जिना उतरल्याचा आवाज थांबतो न थांबतो तोच शोभाने पातेलंभर आल्याचा चहा टाकला. भावजींनी पहिला कप आईच्या फोटोसमोर नेऊन ठेवला.

मी म्हटलं, "भावजी, तीनदा विचारा."