तुझ्या बापानंच नाव दिलंय

ती केस विसरायचा खूप प्रयत्न केला. अजून जमलं नाही.

मी तेव्हा पलूस भागात उपनिरीक्षक होतो. जतहून चाऱ्यासाठी आलेल्या एका धनगराच्या तळावरून मेंढ्या चोरीला गेल्या. खबऱ्यानं टीप दिली की तळाशेजारी एक टेम्पो उभा होता. टेम्पो आबांच्या मुलाचा होता.

आबा आधी फौजेत हवालदार, मग आमच्या खात्यात. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. मी नवखा असताना चौकशी कशी करायची हे त्यांनीच शिकवलं. ते कधी हात उचलत नसत. म्हणायचे, "मारलं की माणूस घट्ट हुतो, सायेब. घरचंच माणूस फुटलंय म्हणून सांगा, मग बघा."

मी निरोप धाडला, तर आबा स्वतःच मुलाला घेऊन ठाण्यात आले. इस्त्रीचा शर्ट घालून, वयानं इतक्या लहान असलेल्या माझ्यापुढे सावधान उभे राहिले. "विचारा काय विचारायचं त्ये. मी भाईर बसतो," एवढंच बोलले. पोरगं तसलं नाही, हेसुद्धा म्हणाले नाहीत. दुसऱ्याच्या तपासात तोंड घालायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

टायर पंक्चर झाला म्हणून थांबलो होतो, एवढंच मुलगा दिवसभर सांगत राहिला. वरिष्ठांचे फोन सुरू होते. शेवटी मी आबांचंच हत्यार काढलं.

"कशाला लपवतोस? तुझ्या बापानंच नाव दिलंय."

त्यानं दारातून बाहेर बाकावर बसलेल्या आबांकडं पाहिलं. मग म्हणाला, "लिवा सायेब, काय लिवायचं त्ये."

मी अटक दाखवली. पुढं सीमेकडच्या बाजारात धनगरानं कानाला मारलेल्या कापावरून आपल्या मेंढ्या ओळखल्या. विकणारे दुसरेच निघाले. गुन्हा उघडकीस आणला म्हणून मला बक्षीस मिळालं. मुलगा सुटला, पण घरी राहिला नाही. शिरवळला कंपनीत लागला. मी आबांकडं जात राहिलो, चहा पीत राहिलो. खरं बोललो नाही. मुदतीआधी नोकरी सोडली, तेव्हाही नाही.

गेल्या वर्षी आबा गेले. गावातल्या माजी सैनिकांनी सलामी दिली. अग्नी पुतण्यानं दिला.

तेरावा झाल्यावर मी शिरवळला गेलो आणि त्यांच्या मुलाला सगळं सांगितलं. कंपनीच्या गेटबाहेर आम्ही उभे होतो. सगळं ऐकून तो म्हणाला,

"सुटल्यावर म्या एकदाच इचारलं हुतं, आबा, तुमी नाव दिलं का? म्हणाले, सायबांनी सांगितलं आसंल तर आसंल."

म्हणजे आबांनी माझी चाल तिथंच ओळखली होती. नाही म्हणाले असते, तर मी खोटा ठरलो असतो. खात्यातल्या माणसाला त्यांनी खोटं पडू दिलं नाही. मुलगा गमावला.

"आवं, मग आता कशाला सांगितलं?" तो म्हणाला. "त्यांच्यावरचा राग तरी हुता माझ्याजवळ. आता त्यो बी न्हाई."

त्याच्या शिफ्टची वेळ झाली. तो आत गेला.

त्या केसनं काय शिकवलं, असं लोक विचारतात. शिकवणारे आबा होते. मी ते शिकलो, आणि त्यांच्याच घरात वापरलं.