हजेरीचा हुंकार

शाळा बंद होत्या आणि वर्ग मोबाईलवर भरत होते, त्या साली माझी बायको गेली. मुलगा आणि सून श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला होते. ते आले, दहावं करून परत फडावर गेले. घरात मी, एक गाय आणि नववीतली नात. मी चौथी पास, तेवढ्यावर लिहितो आहे.

आमचं घर म्हणजे एक खोली. रेंज फक्त खिडकीपाशी, आणि खिडकीपाशीच बायकोची खाट. ती आजारी असताना नात तासाला खाटेला पाठ लावून खाली बसायची. वर्गाच्या बाईंचा नियम असा की माईक बंद ठेवायचा, नाहीतर गलका होतो. कॅमेरा मात्र चालू पाहिजे, म्हणजे कोण लक्ष देतं ते कळतं. एका सकाळी मी बायकोचे केस विंचरत होतो. पदर खांद्यावर आलेला. वर्गातल्या कुणीतरी त्याचा फोटो काढून पोरांच्या ग्रुपवर टाकला. खाली हसरी तोंडं.

माझ्या थोरल्या भावानं जन्मात जिचं उघडं डोकं पाहिलं नव्हतं, तिचं ते अख्ख्या नववीनं पाहिलं. आम्ही तिला सांगितलं नाही. महिन्याच्या आत ती गेली.

त्यानंतर नातीनं कॅमेरा लावला नाही. बाईंनी रोज गैरहजर मांडली आणि शेवटी मुलाला कळवलं. मुलाचा मला फोन आला.

"आबा, ती शाळा करीत नसंल तर हिकडं धाडा. मोळ्या बांधायला मानूस लागतंय."

मी नातीला विचारलं, "काय गं, तासाला बसत न्हाईस व्हय?"

"बसते. मागं खाट दिसती म्हणून कॅमेरा लावत न्हाई."

"मग खाट भाईर काढू."

तिनं खाटेवरची वाकळ नीट केली. मी खाट काढली नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंना फोन लावला. म्हणालो, "पोरगी बसती. मी रोज बघतो. गैरहजर का मांडता?"

"आजोबा, चेहरा दिसला नाही तर ती ऐकते की नाही हे मला कसं कळणार? मुलं कॅमेरा बंद करून हुंदडायला जातात."

"तोंड दिसलं म्हंजी ऐकतंय, असं कुठं असतंय? आमच्या गाईचं तोंड बी माझ्याकडंच असतं."

बाई हसल्या नाहीत. मग मी फोटोचं सांगितलं. त्यांना ठाऊक नव्हतं. पलीकडून काहीच येईना, मला वाटलं रेंज गेली.

"बाई, हाय का तुमी?"

"हं."

"बघा. तुमी मला दिसत न्हाई. तरी कळलं ना, ऐकताय म्हणून."

मी त्यांना सांगितलं, गोष्ट सांगताना पोरांनी हुंकार द्यायचा असतो, तसंच हे. हुंकार थांबला की समजायचं, पोर झोपलं. बायको तर चुलीकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ करूनच ऐकायची. लक्ष नसलं की तिचा हुंकार चुकीच्या जागी पडायचा आणि मला कळायचं.

"एवढ्या मुलांचा हुंकार कसा घेऊ?" बाई म्हणाल्या.

"मधीच एकाचं नाव घ्या. ऐकत नसलं तर सापडंल."

बाईंनी तो फोटो ग्रुपवरून काढून टाकायला लावला. कॅमेऱ्याची सक्ती सोडली. मध्येच नाव घ्यायच्या, ते पोर माईक चालू करून उत्तर द्यायचं, की हजर. मागची हजेरी त्यांनी वह्या बघून लावली. मुलाला मी कळवलं, पोरगी येणार नाही.

एकदा नातीचा तास चालू असताना मी गोठ्यातून, बायकोला सांगायच्या सवयीनं ओरडलो, "आज गाईनं चाऱ्याला तोंड लावलं न्हाई."

आतून आलं, "हं." नाकातून, बायकोसारखंच.

मी बोलत सुटलो. लई म्हातारी झाली गाय, घोडेगावच्या बाजारात इकावी का. तुझ्या औषधाच्या बाटल्या अजून तशाच हायेत.

तेवढ्यात मोबाईलमधून बाईंचा आवाज आला, "आजोबा, तुमचं बोलणं सगळ्या वर्गाला ऐकू येतंय."

नातीनं उत्तर द्यायला चालू केलेला माईक बंद केला आणि ती दारात आली. "गाय इकायची न्हाई, आबा. बाटल्या मी टाकते."

"ऱ्हाऊ दे बाटल्या," मी म्हणालो. "आत जा. बाई नाव घेतील."