भावोजींच्या बुटातल्या फळ्या

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान केस कापतात. गल्लीत त्यांना सगळे 'खांब' म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण त्यांना ते ठाऊक आहे. दोन खुर्च्यांचं दुकान, त्यातली एक खुर्ची कायमची मोडलेली आणि दुसरीच्या मागे हे उभे. मी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी त्यांच्या बाकावर वर्तमानपत्र वाचायला जातो, कारण घरी वाचायला बसलं की बायको मधेच भाजी निवडायला देते. एवढ्या काळात भावोजी दुकानात बसलेले मला दिसलेले नाहीत. गिऱ्हाईक नसलं तरी उभेच. आरसा पुसतील, कात्र्यांना तेल लावतील, कंगव्यात अडकलेले केस काढत राहतील. बाकावर माझ्या शेजारी ऐसपैस जागा असते. एकदा मी म्हटलं, बसा की जरा. तर म्हणाले, बसलं की मग उठवत नाही.

बोलणं एवढंच. या माणसाच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला नळ पिळण्यासारखं आहे.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, एका ऑफिसात हाताखाली माणसं असलेली बाई आहे. एका संध्याकाळी तिने बापाला घराचा जिना चढताना पाहिलं. कठडा धरून, आडवे होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. दुसऱ्याच दिवशी तिने पायाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की हा शेवटचा उपाय. याने गुण आला नाही तर दुकान बंद करायचं आणि घरी आराम करायचा. भाची आईवर गेली आहे. एकदा ठरवलं की ठरवलं. भावोजींनी मान डोलावली आणि पानातलं संपवलं.

पण मला त्यांचा चेहरा दिसत होता. दुकान सोडून त्या माणसाला दुसरं काही नाही. मित्र नाहीत, नाद नाही, टीव्ही लावला की डुलकी लागते. दुकान गेलं तर ते सकाळी उठून करणार काय? माझा बाकही गेला असता, तो भाग वेगळा.

डॉक्टरांकडे त्या दोघांसोबत मीही गेलो, कारण बाबा वाटेतूनच परत फिरतील अशी भाचीला भीती होती. स्वच्छ खोली, तपासायच्या पलंगावर कागद पसरलेला, टेबलावर पायाच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा. डॉक्टर तरुण बाई होत्या, बोलायला मऊ. त्यांनी एक डबा जमिनीवर ठेवला. त्यात गुलाबी फोम होता, पाय ठेवला की आत दबणारा. त्या ठशावरून बुटात घालायचे तळ बनवतात म्हणे. 'नेहमी उभे राहता तसे राहा,' त्या म्हणाल्या.

आता, त्या दिवशी सकाळी भावोजींनी इतका वेळ पाय घासले होते की ताईने न्हाणीघराचं दार वाजवलं होतं. मोजे काढल्यावर त्यांनी एक पाय दुसऱ्याच्या मागे लपवला. मग डब्यात पाय ठेवला तो छाती पुढे, हनुवटी वर. ओळखपत्राचा फोटो काढून घेताना माणूस जसा बसतो ना, तसे ते उभे. डॉक्टर म्हणाल्या, सैल सोडा. भावोजी म्हणाले, सैलच आहे.

काही दिवसांनी ते तळ आले. कडक, आणि मधोमध चांगला उंचवटा. डॉक्टरांनी त्यांचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. भावोजींनी पहिल्याच दिवशी त्यांना 'फळ्या' म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे घरात तेच नाव पडलं. फळ्यांसाठी नाडीचे काळे बूट आणावे लागले. जन्मभर चपलेत वावरलेला माणूस बूट घालून दुकानात आला तेव्हा मी विचारलं, कुठे लग्नाला निघालात का? हसले नाहीत.

डॉक्टरांनी नीट बजावलं होतं. आधी थोडा वेळ घाला, मग वाढवत न्या. सुरुवातीला वेगळं वाटेल, पण दुखलं तर सांगा, आपण घासून बदलू. त्यासाठीच तर तपासणीला बोलावते.

तपासणीच्या वेळी भाची शेजारच्या खुर्चीत होती. डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय. भावोजी म्हणाले, 'मस्त.'

हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. डॉक्टरांनी तळव्यावर अंगठा दाबून पाहिला. भावोजींनी ब्र काढला नाही, फक्त कानाच्या पाळ्या लाल झाल्या. भाची खूश. बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं, तर म्हणाले, गप बस. त्यांचं बरोबरच होतं म्हणा. फळ्या टोचतात म्हटलं की उपाय फसला, आणि उपाय फसला की दुकानाला कुलूप.

मग सुरू झाली लपवाछपवी. दुकानात शिरलं की बूट काढायचे, फळ्या धुतलेल्या टॉवेलांखाली खणात सरकवायच्या आणि जुनी चप्पल घालून कामाला लागायचं. संध्याकाळी भाची ऑफिसातून त्याच रस्त्याने येते, म्हणून मी संध्याकाळीही बाकावर येऊन बसायला लागलो. ती कोपऱ्यावर दिसली की मी बाकावरून खाकरायचं आणि यांनी पटकन बूट चढवायचे. नातवंडं खेळवायच्या वयात मी पहारा देत होतो, आणि तोही एका पासष्टीच्या माणसासाठी. मी त्यांना एकदोनदा सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कात्री चालवत राहिले.

पुढे त्यांच्याच डोक्यात आलं, की आपण फळ्या घालत नाही म्हणून त्या अंगवळणी पडत नाहीत. म्हणून एके दिवशी त्यांनी दिवसभर त्या पायातून काढल्या नाहीत. दुपार कलली तेव्हा बँकेतले रोखपाल दाढीला बसले होते, भावोजींचं फार जुनं गिऱ्हाईक. वस्तरा कानामागे होता. भावोजींनी अंगाचा भार या पायावरून त्या पायावर घेतला, उंचवटा कुठेतरी वर्मी लागला, गुडघा वाकला आणि हात हलला. कानाच्या पाळीवर रक्ताचा थेंब आला.

रोखपाल भले गृहस्थ. म्हणाले, होतं असं कधीतरी. पण भावोजींच्या हातून असं कधीच झालेलं नव्हतं. त्यांनी तुरटी लावली आणि वस्तरा मिटून ठेवला. नंतर दाढीला आलेल्यांना त्यांनी उद्या या म्हणून परत पाठवलं, आणि फक्त केस कापले, तेही मशीनने. मी म्हटलं, भावोजी, आता तरी पोरीला सांगा.

'सांगितलं तर दुकान जाईल,' ते म्हणाले. 'नाही सांगितलं तर कोणाचा तरी गळा जाईल.'

आणि झाडू घेऊन जमिनीवरचे केस गोळा करायला लागले. मला त्यांचा रागही आला आणि फार वाईटही वाटलं. त्यांच्याशी वाद घालायचं त्राण माझ्यातही उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मुलाखतीला निघालेला एक जण केस कापायला आला. नवा सदरा घातलेला, खुर्चीत काठी गिळल्यासारखा ताठ. भावोजी अशा माणसाच्या मानेला कात्री लावत नाहीत. ताठ मानेवर सरळ कापलेले केस, मान सैल पडली की वाकडे दिसतात, हे त्यांचं मत. म्हणून एरवी तोंड न उघडणारा हा माणूस अशा वेळी एकच प्रश्न विचारतो: तुमच्याकडे पाणी येतंय का नीट? या प्रश्नापुढे भल्याभल्यांची मान ताठ राहत नाही. तोही सुरू झाला. पहाटे उठावं लागतं, वरच्या मजल्यावर चढतच नाही, तक्रार केली तर कोणी फिरकत नाही. बोलता बोलता त्याचे खांदे खाली आले.

भावोजींनी कात्री उचलली आणि तशीच धरून ठेवली. मग माझ्याकडे आले, वाकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, 'मी ताठ उभा होतो.'

'कुठे?'

'त्या डब्यात. पाय कसे आहेत माझे, तुला माहीत आहे? पाटासारखे सपाट. पोरगी बघत होती, त्या बाई बघत होत्या. मला लाज वाटली. मी बोटं आवळून धरली आणि खाली कमान काढली. त्यांनी माप घेतलं, पण तो माझा पायच नव्हता.'

मला आधी हसू फुटलं आणि मग मी कपाळाला हात लावला. जन्मभर लोकांच्या माना सैल करणाऱ्या माणसाने स्वतःच्या पायावर असा धोंडा पाडून घ्यावा! खुर्चीतला माणूस आरशातून आमच्याकडे बघत होता. भावोजी परत गेले आणि त्याचे केस त्यांनी फार सुरेख कापले.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्यासोबत घरी गेलो, कारण एकटे असते तर त्यांनी पुन्हा मूग गिळले असते. ताईने रोजच्यासारखी गरम मिठाच्या पाण्याची बादली आणून त्यांच्यापुढे ठेवली. भावोजींनी त्यात पाय सोडले आणि पाण्याकडे बघत सगळं सांगितलं. फोमचा डबा, खण, टॉवेल, माझं खाकरणं, रोखपालांचा कान. भाचीने आधी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी प्यायला उठलो. मग तिने बापाला विचारलं, 'आणि फळ्या नसताना? तेव्हाही पाय दुखतात?'

'दुखतात.'

'कधीपासून?'

भावोजींनी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, 'तुझ्या जन्माच्या आधीपासून.'

भाची बादलीजवळ खाली बसली. मग म्हणाली, 'लहानपणी ही बादली भरून मी आणायचे. कशाला ते कधी विचारलंच नाही.' पुढे म्हणाली, आता डॉक्टरांकडे मी येत नाही, मामाला घेऊन जा. आणि या वेळी नीट उभे राहा.

'नीट नको,' भावोजी म्हणाले. 'नीटच उभा राहिलो होतो.'

डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, असं पुष्कळ जण करतात, माझंच पुन्हा बघायचं राहिलं. त्यांनी नवा डबा काढला आणि भावोजींना त्यांच्या कामाबद्दल विचारत बसल्या. हल्लीच्या कात्र्यांना धार का टिकत नाही, हा विषय निघाला. त्यावर भावोजींना बरंच बोलायचं होतं, इतकं की पाय डब्यात आहेत हे ते विसरले. ठसा बाहेर आला तो सपाट, पसरलेला, आतल्या बाजूला अगदी तळापर्यंत दबलेला. कमान नावालाही नाही. आम्ही तिघे त्याकडे बघत राहिलो. भावोजी म्हणाले, हाच.

मग डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. नवे तळ बसतील, आराम पडेल. पण सांधे झिजले आहेत, ते परत येणार नाहीत. दिवसभर उभं राहणं आता संपलं. सकाळी दुकान उघडा, दुपारी बंद करा. नाहीतर कुठलेही तळ उपयोगाचे नाहीत. संध्याकाळी म्हणजे खरं गिऱ्हाईक, लोक ऑफिसातून सुटल्यावर येतात. भावोजींनी ते बोलून दाखवलं नाही. घरी भाचीनेही वाद घातला नाही. अर्धं दुकान राहिलं, अर्धं गेलं.

नव्या फळ्या आल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा त्यांनी त्या घालायचा वेळ थोडा थोडा वाढवत नेला, या वेळी खरोखर. दुकानाच्या दारावर वेळेची नवी पाटी लागली. मग एका दुपारी शेवटचं गिऱ्हाईक उठून गेलं, मी वर्तमानपत्राची घडी घातली, आणि पाहतो तर भावोजी खुर्चीमागे नुसते उभे. हातात कात्री नाही, फडकं नाही. मला वाटलं चक्कर आली.

'काय होतंय?' मी विचारलं.

'काहीच होत नाहीये,' ते म्हणाले. मग म्हणाले, 'तुला असंच असतं?'

'कसं?'

'म्हणजे, उभं राहिलं की नुसतं उभं. खाली काही नाही.'

'हो.'

'सगळ्यांना?'

'बहुतेक सगळ्यांना असंच असतं, भावोजी.'

त्यांनी मान हलवली. 'मला वाटायचं सगळ्यांचेच दुखतात. बोलत कोणी नाही एवढंच.'

तेवढ्यात रोखपाल दारात आले, दाढीला. भावोजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांना म्हणाले, उद्या सकाळी या. रोखपाल बरं म्हणून गेले. भावोजींनी शटर अर्धं खाली ओढलं. दुकानात अंधारल्यासारखं झालं. मी चप्पल घालून निघायला उठलो.

'थांब,' ते म्हणाले. 'मला जरा उभं राहू दे.'

मी पुन्हा बाकावर बसलो.