आप्पांची मॅच

टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात आम्ही निळा बल्ब बसवत होतो, तेवढ्यात आप्पांनी विचारलं, "म्याच कवा सुरू हुनार?"

मी सांगलीच्या एका छोट्या ॲड एजन्सीत स्क्रिप्ट लिहिते. वर्ल्ड कप जवळ आला की प्रत्येक क्लायंटला जुने दिवस आठवतात. चहा पावडरवाल्या आमच्या शेठना हवं होतं, एक अंगण, एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, अख्खं गाव आणि कपात त्यांचा चहा. त्यांचा चहा तेव्हा बाजारात नव्हता, हे मी बोलून दाखवलं. "कोण बघतंय," शेठ म्हणाले.

इस्लामपूरजवळच्या एका गावात तसं अंगण मिळालं, आप्पांचं. आप्पा मिलिटरीतून रिटायर होऊन येताना टीव्ही घेऊन आले होते. पाकिस्तानविरुद्धची ती वर्ल्ड कपची मॅच सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिली. मी पाचजणांना भेटले. पाचही जण म्हणाले, आप्पा बरोबर मधे बसले होते, शेवटची विकेट पडली तशी टोपी उडवली. मी तसंच लिहिलं.

आता आप्पा कडक इस्त्रीचे कपडे घालून, दाढी करून बसले होते आणि मॅच मागत होते. मी समजावलं, खरी मॅच दाखवायचे हक्क विकत घ्यावे लागतात, ते आपल्या आवाक्यातले नाहीत. म्हणून जाहिरातीत टीव्ही पाठमोरा असतो. आत बल्ब लुकलुकतो, तोंडावर उजेड पडतो, झालं.

आप्पांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं. "तुम्ही तर तेव्हा पाहिलीच आहे ना," मी म्हटलं.

"मी कुठं बघितली, पोरी? लाइट गेलती. टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावला, बॅटरी उतराय नको म्हणून इंजान चालू. ट्रॅक्टर जुना, रेस सोडली की बंद पडायचा. आवाज नको म्हणून घरामागं लावल्याला. मी त्येच्यावर रेस दाबून बसलो हुतो, म्याच संपूस्तोवर. हिकडनं आरडा झाला की समजायचं, इकेट पडली."

इतक्या वर्षांत कुणाच्याच लक्षात नव्हतं. आप्पांच्या सख्ख्या भावालासुद्धा मधे बसलेले आप्पाच आठवत होते.

शेठ घड्याळ बघत म्हणाले, बसवा त्यांना, काय फरक पडतो. आप्पा उठून मधे बसलेही. मग हळूच म्हणाले, "बसतो की. पर बघू काय, ते सांगा."

मी बल्ब काढला, मोबाईलवर त्या मॅचचे हायलाइट्स शोधले आणि मोबाईल खोक्यात उभा केला. आवाज बंद. कॅमेऱ्याला खोक्याची पाठच दिसणार होती. ॲक्शन म्हटलं. उन्हं कलली होती, अंगणात सगळं गाव बसलं होतं, आणि आप्पा डोळ्यांत पाणी आणून ती मॅच बघत होते. टोपी उडवायला विसरले. शेवटची विकेट पडली तेव्हा त्यांनी मान वळवून घराच्या मागं बघितलं, तिथं कुणाला तरी सांगायचं असल्यासारखं.

तो मान वळवलेला तुकडा शेठनी कापला. म्हणाले, तिकडं काय बघतोय ते कळत नाही. मी भांडले, पण पैसे त्यांचे. बाकीचा शॉट राहिला. जाहिरात चालली. सातारा, फलटणहून लोकांचे फोन आले, आम्ही पण त्याच अंगणात होतो म्हणून. फलटणचा माणूस त्या अंगणात कशाला येईल?

वर्ल्ड कप संपल्यावर शूटिंगचे फोटो द्यायला गावात गेले. आप्पा पारावर पोरांना मॅच सांगत होते. "मी मधी बसलो हुतो, समदी माझ्या भवतीनं."

मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "मग ट्रॅक्टरवर कोण होतं, आप्पा?"

ते घराकडं बघत राहिले. "असंल की कुणीतरी. कुणी बसल्याबिगर टीव्ही कसा चालंल?"

तेव्हापासून जुन्या दिवसांची स्क्रिप्ट लिहायच्या आधी मी एवढंच विचारते, ट्रॅक्टरवर कोण होतं.